पोटातल्या बाळाला हायड्रॉप्स असताना आईची काळजी

प्रश्न थोडक्यात असा आहे: बहिणीला २६ वा आठवडा चालू आहे, पहिलंच गरोदरपण, रक्तगट बी पॉझिटिव्ह. सोनोग्राफीत बाळाच्या पोटात आणि छातीत पाणी दिसलं, कातडीखाली सूज आहे, गर्भजलही जास्त आहे. रिपोर्टवर ‘हायड्रॉप्स फीटॅलिस’ लिहिलंय. फीटल मेडिसिनच्या (पोटातल्या बाळाच्या आजारांच्या) डॉक्टरांची वेळ पाच दिवसांनंतरची मिळाली. दरम्यान बहिणीचे पाय सुजलेत आणि हिमोग्लोबिन पंधरा दिवसांत १०.८ वरून ९.२ वर आलं, म्हणून लोहाच्या गोळ्या दुप्पट केल्या. तोवर घरी तिची काय काळजी घ्यायची?

आधी त्या पाच दिवसांबद्दल. तेवढं थांबू नका. बाळाला हायड्रॉप्स, आईला नव्यानं सूज आणि उतरतं हिमोग्लोबिन, ही तिन्ही एकत्र आली की आईची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. जवळच्या कुठल्याही मोठ्या प्रसूतिगृहात तिचं बीपी, ऑक्सिजनची पातळी, लघवीतली प्रथिनं, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), यकृताच्या तपासण्या आणि युरिक ॲसिड आज होऊ शकतं. बाळाच्या तपासणीला पाच दिवस लागले तर एक वेळ चालेल, आईच्या नाही.

असं का, ते सांगतो. बाळाच्या पोटात, छातीत, हृदयाच्या आवरणात किंवा कातडीखाली, यांपैकी किमान दोन ठिकाणी पाणी साठलं की त्याला हायड्रॉप्स म्हणतात. कातडीची जाडी ५ मिलिमीटरच्या वर गेली की ती सूज धरतात. बहुतेक वेळा त्याबरोबर वारही फुगते. काही आयांच्या शरीरात मग बाळाचीच नक्कल उमटते: बाळ सुजलेलं, वार सुजलेली आणि आईही सुजलेली. एडिंबराचे प्रसूतितज्ज्ञ जॉन विल्यम बॅलंटाइन यांनी १८९२ मध्ये याचं वर्णन केलं. आज याला मिरर सिंड्रोम म्हणतात. प्रत्येक आईला तो होत नाही, पण झाला तर फुप्फुसात पाणी भरण्यापर्यंत वेळ येते आणि दोन-चार दिवसांत चित्र पालटू शकतं.

यात सगळ्यात जास्त चूक होते ती सीबीसी वाचताना. गरोदरपणातला बीपीचा आजार, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, बहुतेकांना माहीत असतो. त्यात पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, वर जातो. मिरर सिंड्रोममध्ये उलट होतं: रक्तवाहिन्यांतही पाणी वाढतं, रक्त पातळ होतं, हिमॅटोक्रिट खाली येतो. बीपी सुरुवातीला नॉर्मलही असू शकतं. मग रिपोर्टवर नुसतं ‘ॲनिमिया’ दिसतं आणि लोह वाढवलं जातं. तुमच्या बहिणीच्या आकड्यांत नेमकी हीच शक्यता तपासायची आहे. पंधरा दिवसांत दीड ग्रॅमहून जास्त उतार, रक्तस्राव कुठेच नाही, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) पूर्वीइतकाच आणि वजन मात्र वाढतंय, असं असेल तर ते पातळ झालेलं रक्त समजून चालावं. लोहाची नेहमीची गोळी चालू ठेवा, पण दुप्पट करून हा उतार थांबणार नाही. आणि ‘हिमोग्लोबिन कमी आहे’ म्हणून सलाइनमधून लोह किंवा रक्ताची पिशवी घाईनं चढवली, तर आधीच जास्त पाणी असलेल्या शरीरात आणखी भर पडते.

घरी करायचं काम साधं आहे, पण रोज करायचं आहे. एक वही घ्या. सकाळी उठल्यावर, लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, साधारण त्याच कपड्यांत वजन. बीपी दिवसातून दोनदा, पाच मिनिटं बसून झाल्यावर, हात टेबलावर टेकवून. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर तोही आकडा. आठवड्यात किलोच्या वर वजन वाढलं तर डॉक्टरांना कळवा. दोन दिवसांत किलोभर वाढलं तर त्याच दिवशी दाखवा. बीपी १४०/९० किंवा वर गेलं तर त्याच दिवशी, १६०/११० ला पोचलं तर तासाभरात रुग्णालयात. पायांची सूज बहुतेक गरोदर बायकांना येते, म्हणून ती एकटी फार सांगत नाही. सकाळी उठल्यावरही चेहरा आणि पापण्या जड वाटणं, हातातली बांगडी किंवा अंगठी अचानक घट्ट होणं, नडगीवर बोट दाबल्यावर खड्डा तसाच राहणं, हे जास्त सांगतं.

एक लक्षण मात्र सकाळपर्यंत थांबायचं नाही: आडवं पडलं की दम लागणं. उशी वाढवावी लागते, मध्यरात्री खोकल्यानं जाग येते, बसलं की बरं वाटतं. घरात याला ‘पोट वर आलंय, म्हणून’ असं म्हटलं जातं, आणि गर्भजल खूप असेल तर तेही कारण खरं असू शकतं. पण फरक ठरवायला छाती तपासावी लागते. ऑक्सिजन ९५ च्या खाली असेल, खोकल्यातून फेस येत असेल किंवा छातीत घरघर असेल, तर तिला आडवी न झोपवता टेकून बसवून १०८ बोलवा. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं, लघवी कमी होणं, पोट ठरावीक वेळानं आवळून येणं, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, यांसाठीही तसंच निघायचं. बाळाची हालचाल मंदावली तर दाखवाच.

खाण्यापिण्यात फार बदल नको. मीठ पूर्ण बंद करायचं नाही, पाणी तोडायचं नाही. लोणचं, पापड, फरसाण कमी केलं की पुरे. डाळ, अंडी, दूध, मासे, जे चालत असेल ते नीट खाऊ द्या. सूज उतरावी म्हणून पुनर्नवा, गोखरूचा काढा, जवाचं पाणी तांब्या-तांब्यानं पाजणं किंवा औषधाच्या दुकानातून लॅसिक्सची (लघवी वाढवणारी) गोळी आणणं, हे काहीही नको. दिवसरात्र बिछान्याला खिळवूनही फायदा नाही. उलट गरोदरपणात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्यानं वाढतो. कुशीवर विश्रांती आणि घरातल्या घरात हिंडणं ठीक. डोहाळजेवण ठेवायचं की नाही, कोणाला काय सांगायचं, हे तिला ठरवू द्या. तिच्या वतीनं नातेवाइकांना थोपवणं हे तुमचं काम.

आता कारणाचा शोध. आईच्या काळजीत हे आलंच, कारण बाळाचं पाणी उतरलं तर आईची सूजही उतरू शकते. बी पॉझिटिव्ह असल्यानं आरएचचा प्रश्न नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल. ते बऱ्याच अंशी खरं आहे, तरीही आयसीटी, म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्स, ही आईच्या रक्तातल्या अँटीबॉडी शोधणारी चाचणी करून घ्या. केल, लहान सी अशा दुसऱ्या रक्तघटकांविरुद्धही आईच्या रक्तात अँटीबॉडी असू शकतात, विशेषतः पूर्वी कधी रक्त चढवलं असेल तर. आयसीटी निगेटिव्ह असेल तर हा ‘नॉन-इम्यून’ हायड्रॉप्स, आणि आज सुमारे दहापैकी नऊ हायड्रॉप्स याच गटातले असतात.

त्या गटात कारणं पुष्कळ: हृदयाची रचना किंवा ठोके बिघडणं, गुणसूत्रांचे दोष, पार्व्होव्हायरससारखा संसर्ग, सिफिलिस, छातीतली गाठ, लसिकावाहिन्यांचे दोष, वारेतली रक्तवाहिन्यांची गाठ, जुळ्यांत एकाचं रक्त दुसऱ्याकडे जाणं, काही चयापचयाचे आनुवंशिक आजार. पती-पत्नी आते-मामे भावंडं असतील तर शेवटच्या गटाकडे आधीपासून लक्ष ठेवावं लागतं. हे विचारताना कोणी दोष देत नसतो, तेव्हा नातं लपवू नका.

आईच्या हातातून एक सिरिंज रक्त घेऊन बरंच कळतं: रक्तगट, आयसीटी, सीबीसी, व्हीडीआरएल (सिफिलिसची चाचणी), पार्व्होव्हायरसच्या आयजीजी-आयजीएम अँटीबॉडी, सीएमव्ही आणि टॉक्सोप्लाझ्मा हे संसर्ग, बाळाचं रक्त आईत मिसळलंय का ते पाहणारी क्लायहाउअर-बेटके चाचणी. बाळाचे ठोके फार मंद असतील तर आईच्या रक्तातल्या अँटी-रो आणि अँटी-ला या अँटीबॉडी. सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूतल्या एमसीए रक्तवाहिनीतला वेग मोजतात. वयाच्या सरासरीच्या दीडपट किंवा वर गेला तर बाळाला रक्त कमी आहे असं धरतात. बाळाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) वेगळा करून घ्या, साध्या सोनोग्राफीवर भागवू नका. त्यानंतर गर्भजल काढून मायक्रोअरे (गुणसूत्रांची बारीक तपासणी), विषाणू शोधणारा पीसीआर, आणि गरज पडली तर जनुकांची सविस्तर तपासणी. सुई घालण्याआधी फॉर्म जी वर संमती लागते, आणि अहवालात बाळाचं लिंग सांगितलं जाणार नाही. तो कायदा आहे, डॉक्टरांशी त्यावर वाद नको.

थॅलेसेमियाबद्दल एक गैरसमज सारखा भेटतो, म्हणून जरा थांबून लिहितो. आपल्याकडे गरोदरपणात एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी चाचणी) होते आणि ती नॉर्मल आली की ‘थॅलेसेमिया नाही’ असं फायलीत लिहिलं जातं. बीटा थॅलेसेमियानं मुळात हायड्रॉप्स होत नाही, कारण गर्भातल्या हिमोग्लोबिनला बीटा साखळी लागतच नाही. हायड्रॉप्स होतो तो अल्फा थॅलेसेमियाच्या सगळ्यात तीव्र प्रकारात, आणि अल्फाचा वाहक एचपीएलसीवर अगदी नॉर्मल दिसू शकतो. हा प्रकार आग्नेय आशियात जास्त आहे, आपल्याकडे विरळा. तरी आई आणि बाबा दोघांचाही एमसीव्ही ८० च्या खाली असेल आणि लोह पुरेसं असेल, तर अल्फाची डीएनए चाचणी मागा. म्हणून नवऱ्याचाही सीबीसी करायचा. स्वस्त तपासणी आहे आणि नेमकी तीच राहते.

उपचार बाळाचा असला तरी औषध बहुतेक वेळा आईच्या शरीरातून जातं. बाळाचे ठोके २२० च्या पुढे धावत असतील तर डिगॉक्सिन, फ्लेकेनाइड किंवा सोटॅलॉल ही ठोके आवरणारी औषधं आईला देतात. ते सुरू करण्याआधी आईचा ईसीजी, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन हवंच, आणि सुरुवातीचे दिवस तिनं रुग्णालयात काढावेत. डिगॉक्सिनची पातळी साधारण १ ते २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवतात. मळमळ, उलट्या, पिवळसर दिसणं, ठोके चुकल्यासारखे वाटणं, यांना ‘गरोदरपणाची मळमळ’ म्हणून सोडू नका. सूज आलेल्या वारेतून डिगॉक्सिन बाळापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून हायड्रॉप्समध्ये दुसरं औषध आधीच जोडलं किंवा बदललं जातं.

व्हीडीआरएल पॉझिटिव्ह येऊन सिफिलिस निश्चित झाला तर बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन. आजार किती जुना हे माहीत नसेल तर आठवड्याच्या अंतरानं तीन. पहिल्या इंजेक्शननंतर २४ तासांत ताप आणि कळा येऊ शकतात, आणि हायड्रॉप्स असताना बाळ त्यात अडचणीत येऊ शकतं. म्हणून ते गावच्या दवाखान्यात देऊन घरी पाठवायचं इंजेक्शन नव्हे. नवऱ्यालाही उपचार द्यायचे.

बाळाला रक्त कमी असेल, म्हणजे पार्व्होव्हायरस किंवा अँटीबॉडी हे कारण असेल, तर पोटातच रक्त देता येतं, आणि हायड्रॉप्समधला हा सगळ्यात आशादायक गट आहे. रक्त ओ निगेटिव्ह, ताजं, पांढऱ्या पेशी गाळलेलं, किरणोत्सर्ग दिलेलं आणि ७५ ते ८५ हिमॅटोक्रिटचं घट्ट केलेलं लागतं. त्याचं क्रॉसमॅच आईच्या रक्ताशी होतं, बाळाच्या नव्हे, कारण बाळात फिरणाऱ्या अँटीबॉडी आईच्याच असतात. आईचा नमुना ताजा द्यावा लागतो, जुन्या नमुन्यावर रक्तपेढी रक्त देणार नाही आणि देऊही नये. आईचा रक्तगट ओ लिहिलेला असून ओ च्या पिशव्याही जुळत नसतील, तर १९५२ मध्ये मुंबईत सापडलेला बॉम्बे गट, ज्याला ओ रक्तही चालत नाही, तो तपासून घ्यावा. फार दुर्मीळ गोष्ट, पण रक्त मिळवायला वेळ लागतो म्हणून आधी कळलेली बरी.

हायड्रॉप्सचं हृदय थकलेलं असतं. त्यामुळे पहिल्या वेळी हिमोग्लोबिन पूर्ण भरून काढत नाहीत, थोडं देऊन दोन दिवसांनी पुन्हा देतात. ‘एवढंसंच का दिलं?’ याचं उत्तर हे आहे. आईसाठी हे सुईचं काम आहे, बहुतेक वेळा पूर्ण भूल लागत नाही. नंतर काही तास कळा, पाणी जाणं, रक्तस्राव यांवर लक्ष. आई आरएच निगेटिव्ह असून आयसीटी निगेटिव्ह असेल तर अशा प्रत्येक सुईनंतर अँटी-डी (आरएचविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ न देणारं इंजेक्शन), एरवी ३०० मायक्रोग्रॅम २८ व्या आठवड्याला आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. अँटीबॉडी एकदा तयार झाल्यावर मात्र अँटी-डीचा उपयोग नसतो.

छातीत खूप पाणी असेल तर ते सुईनं काढतात किंवा बारीक नळी बसवतात. गर्भजलानं आईला श्वास घेता येईना तर तेही हळूहळू काढता येतं. एकदम भसाभसा काढलं तर वार सुटण्याचा धोका असतो.

रुग्णालयात भरती झाल्यावरही एक सापळा आहे, आणि तो उपचारांतूनच तयार होतो. लवकर कळा आल्या म्हणून कळा थांबवणारी औषधं, फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शनं, ‘कोरडी पडलीय’ म्हणून सलाइन, त्यात आकडी टाळणारं मॅग्नेशियम. प्रत्येक गोष्ट वेगळी पाहिली तर रास्त, पण मिररच्या उंबरठ्यावरच्या बाईत सगळी मिळून फुप्फुसात पाणी आणतात. कळांना दोन-दोन औषधं एकत्र नकोत. शिरेतून आणि तोंडानं मिळून सगळं द्रव तासाला साधारण ८० मिलिलिटरच्या आत, आणि औषधं ज्या पाण्यात मिसळली तेही त्यातच मोजायचं. लघवी दर तासाला मोजायची. फुप्फुसात पाणी झालंच तर बसतं करून ऑक्सिजन, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड २० ते ४० मिलिग्रॅम शिरेतून, हृदयाचा इको आणि अतिदक्षता विभाग.

मॅग्नेशियम सल्फेट लागलं तर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्रिचर्ड पद्धत वापरतात: ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, १० ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत विभागून, मग दर चार तासांनी ५ ग्रॅम. प्रत्येक पुढच्या डोसआधी गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतोय का, श्वास मिनिटाला १६ च्या खाली तर नाही ना, आणि चार तासांत लघवी १०० मिलिलिटर झाली का, हे पाहायचंच. मिररमध्ये लघवी कमी होते, त्यामुळे मॅग्नेशियम साठून राहतं. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम उशाशी भरून ठेवलेलं असावं.

बाळंतपण कधी? नुसती सूज आहे म्हणून बाळाला लवकर बाहेर काढल्यानं ते वाचत नाही. अपुऱ्या दिवसांचं ओझं त्याच्यावर आणखी पडतं. आईला मिरर पक्का झाला आणि बाळावर लगेच लागू पडेल असा उपाय नसेल, तर मात्र आठवडे कितीही असोत, आईसाठी बाळंतपण करावं लागतं. हे वाक्य कुटुंबाला आधीच, शांतपणे सांगितलेलं असावं. रात्री दोन वाजता, तिला दम लागलेला असताना ते पहिल्यांदा ऐकायची वेळ येऊ नये.

बाळंतपण जिथे एनआयसीयू, रक्तपेढी आणि भूलतज्ज्ञ एकाच छताखाली आहेत तिथेच. फुगलेलं पोट आणि छाती जन्मवाटेत अडकू शकते, म्हणून ऐनवेळी आधी सुईनं ते पाणी काढतात. बाळ वाचण्यासारखं नाही असं ठरलं असेल तर केवळ बाळाच्या ठोक्यांसाठी सिझेरियन करू नये. कमी दिवसांत गर्भपिशवीवर पडणारा उभा छेद पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका ठेवतो. ताणलेली पिशवी आणि मोठी वार यामुळे नंतर रक्तस्रावाची शक्यता जास्त. रक्त आधी जुळवून ठेवायचं, बाळ येताच पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन १० युनिट, रक्तस्राव झाला तर तो थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम लवकरात लवकर. पिशवी आवळणाऱ्या इतर औषधांत बीपी जास्त असेल तर मेथर्जिन नको, दमा असेल तर कार्बोप्रोस्ट नको.

बाळंतपणानंतर सूज बहुतेक वेळा काही दिवसांत उतरते, पण पहिले तीन दिवस सैल सोडू नका. अंगातलं पाणी परत रक्तात येतं आणि फुप्फुसात पाणी त्या काळातही होतं. वजन-बीपीची वही तेव्हाही चालू ठेवा. बाळ गेलं असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध येतं, आणि हे तिला कोणीच सांगितलेलं नसतं. बीपी वाढलेलं असेल तर दूध आटवणारी कॅबरगोलिन देऊ नये. घट्ट आधार देणारी ब्रा, गार कापड, पॅरासिटामॉल आणि दूध न पिळणं यावर ते ओसरतं.

२६ आठवड्यांना गर्भपाताचा विचार तिच्या मनात असेल तर कायद्यानं वाट आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाळात गंभीर दोष असल्यास २४ आठवड्यांपुढे राज्याच्या मेडिकल बोर्डाकडे अर्ज करता येतो, आणि बोर्डानं तीन दिवसांत निर्णय द्यायचा असतो. गरोदरपण चालू ठेवायचं असेल तर तेही तितकंच मान्य. दोन्हीकडे संमती तिची, सासरची किंवा माहेरची नाही.

कारण सापडलं नसेल आणि बाळ गेलं तर त्या दु:खाच्या तासात एक मागणी कोणीतरी करावीच, आणि ती तुम्ही केलीत तर बरं: बाळाच्या नाळेचं रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घेऊन डीएनए साठवून ठेवा, बाळाचा एक्स-रे आणि फोटो घ्या, वार तपासणीला पाठवा, आणि तिची तयारी असेल तर शवचिकित्सा. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या नमुन्यातून डीएनए नीट मिळत नाही, म्हणून रक्ताची नळी आधी भरायची. पुढचं गरोदरपण ठरवण्याआधी हे सगळे कागद घेऊन आनुवंशिक सल्लागाराला भेटायचं. कारण आनुवंशिक निघालं तर पुढच्या बाळाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत वार-पेशींवर करता येते, पण त्यासाठी या बाळातला नेमका दोष हाती असावा लागतो.